गावच्या नाटकात मला पडद्यामागे घातलंय. नक्की काय काय बघायचं असतं?

राजापूरकर_डोंबिवली:

नमस्कार मंडळी. गाव राजापूर तालुक्यात, खाडीकाठी. राहायला डोंबिवलीत. आमच्या वाडीच्या मंडळाचं माघी गणेशजयंतीला नाटक असायचं, ते मध्ये बरीच वर्षं बंद पडलं होतं. यंदा पुन्हा करायचं ठरलंय. तीन अंकी कौटुंबिक नाटक, देवळासमोरच्या पटांगणात, उघड्यावर. मंडप आणि साउंड ठेकेदाराचा, पडदे आणि ड्रेपरी, म्हणजे कपडेपट, भाड्याची. तालमी दर रविवारी इथे डोंबिवलीत एका शाळेच्या हॉलमध्ये चालू आहेत.

मला वाटलं होतं एखादी छोटी भूमिका मिळेल. मिळाली नाही. मीटिंगमध्ये माझं नाव "रंगमंच व्यवस्था" खाली लिहिलं गेलं आणि मी एकदम प्रमुख झालो. करायचं काय असतं विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, "तसं काय विशेष नाय, पडदा ओढायचा नि खुर्च्या हलवायच्या."

पण संहिता वाचली तर पहिला अंक दिवाणखान्यात, दुसरा हॉस्पिटलमध्ये आणि तिसरा पुन्हा त्याच दिवाणखान्यात, पण दहा वर्षांनंतर. मध्येच भिंतीवरचा फोटो आपोआप खाली पडतो. एका प्रवेशात नायिका टेबल लॅम्प बंद करते आणि सगळा अंधार होतो. माझ्या हाताखाली चार माणसं आहेत: कॉलेजातले दोन मुलगे, आमचे एक भाऊजी आणि एक रिटायर काका, ज्यांना प्रॉम्प्टिंग करायचंय.

हे चार जणांत होतं का? आणि सुरुवात कुठून करू? कुणी गावच्या नाटकात मागे काम केलं असेल तर सांगा. नाराज आहे थोडा, पण काम नीट करायचंय.

---

खाजणातला_खेकडा:

पहिलं काम चहा. दुसरं काम चहा. तिसऱ्या घंटेला नायक बिडी ओढायला माडाच्या मागे गेलेला असतो, त्याला शोधून आणणं हे तिसरं. बाकी सगळं आपोआप होतं.

---

पेटारेवालो_मालवण:

आमच्या दशावताराक खय लागता बॅकस्टेज? पेटारो उघडलो, तोंडाक रंग लायलो, बाकडा ठेवला, नाटक सुरू. तुमचा सगळा खटला त्या हॉस्पिटलामुळे झालाहा.

---

विंगेतला_वायरमन:

अध्यक्षांचं वाक्य वाचून हसू आलं. प्रत्येक मंडळात हे वाक्य बोलणारा एक माणूस असतोच, आणि प्रयोगाच्या रात्री पहिल्या रांगेत बसून "मधे एवढा वेळ का लागतोय" म्हणणाराही तोच असतो.

मी गुहागरच्या बाजूचा. धंदा वायरमनचा. शाळेत होतो तेव्हापासून विंगेत उभा आहे. स्टेजवर गेलो तो फक्त सत्काराचा नारळ घ्यायला. तेव्हा माझं ऐक.

मालवणच्या भाऊंचं खोटं नाही. पण दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात, नट ते जागच्या जागी बोलतो. आणि बाजूला पेटी, पखवाज, झांज घेऊन बसलेली माणसं त्याला सांभाळून घेतात. कुणाचा शब्द अडला की पेटीवाला सूर धरतो, प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. रंगसुद्धा नट स्वतःचा स्वतः लावतो. तुमच्या नाटकात वाक्य लिहिलेलं, फोटो पडायचा क्षण लिहिलेला, दिवा जायचा क्षण लिहिलेला. हे सगळं कुणीतरी मागून करायला लागतं, आणि तो तू.

आता सुरुवात. रविवारी तालमीला जा. पुढच्याच रविवारपासून आणि दर रविवारी. मागचं काम म्हणजे नटांतून उरलेली माणसं, असं मंडळांना वाटतं आणि तिथेच सगळं फसतं. मागच्या माणसाला नाटक नटापेक्षा जास्त पाठ लागतं, कारण नटाला स्वतःचीच वाक्यं लागतात. संहितेची झेरॉक्स काढ आणि प्रत्येक पानासमोर एक कोरं पान येईल अशी शिवून घे. कोऱ्या पानावर त्या त्या वाक्यासमोर लिहायचं: फोन वाजतो, कोण वाजवणार. पत्र आत जातं, कुठल्या विंगेतून, कुणाच्या हातात. दिवा जातो. खाट येते. हे पेन्सिलने लिही, कारण दिग्दर्शक शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहतो.

मग प्रॉपर्टी. दोन्ही विंगांत एकेक टेबल लाव, त्यावर पांढरा कागद चिकटव आणि वस्तू ठेवून तिच्याभोवती मार्करने रेघ मार. चष्मा, पत्र, औषधाची बाटली, किल्ल्यांचा जुडगा, सगळ्यांना आपापलं घर. अंक सुरू व्हायच्या आधी नुसती नजर टाकलीस तरी कळतं काय नाही ते. वस्तू नट उचलेल, पण परत आणून ठेवणार नाही. तो टाळ्यांच्या तंद्रीत चष्मा खिशात घालून ग्रीनरूमला जाईल. म्हणून कॉलेजातल्या मुलांपैकी एकाला फक्त हेच काम दे: विंगेतून बाहेर येणाऱ्याच्या हातातली वस्तू काढून घ्यायची. आणि नाटकात लाडू किंवा भजी खायची असतील तर ती झाकून ठेव. पहिला अंक संपायच्या आत विंगेतली पोरं दुसऱ्या अंकाचे लाडू संपवतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता लाडू मी माझ्या टूलबॅगेत ठेवतो.

फोटो पडायचा सोपा आहे. फ्लॅटची, म्हणजे सेटच्या खोट्या भिंतीची, जी लाकडी पट्टी असते तिला आरपार भोक पाड. त्यातून मागच्या बाजूने एक लांब खिळा सैल सरकव, टोक पुढे अर्धा इंच येऊ दे. फ्रेमची दोरी त्या टोकावर अडकव. वेळ आली की मागून खिळा ओढ. बस्स. कोणी तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, बांधून ओढू म्हणेल, ऐकू नको, लाईट पडला की तंगूस चमकतो आणि पोरं ओरडतात "दोरी, दोरी". फ्रेमला काच अजिबात नको, नट तिसऱ्या अंकात अनवाणी फिरत असेल. आणि काच नसली की आवाज कमी येतो, म्हणून मागे दुसऱ्या मुलाने त्याच क्षणी पत्र्याच्या डब्यात काचेच्या बांगड्यांचे तुकडे हलवायचे. हे दोघांचं काम आहे. दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, दोघांनी एकाच वाक्याची वाट बघायची.

टेबल लॅम्पचं उलट आहे. तिथे लाईटवाल्याने वाक्य ऐकायचं नाही, तिचा हात बघायचा. बोट बटणाला लागलं की दिवे खाली. वाक्यावर गेलास तर एखाद्या दिवशी ती आधी बोलेल आणि मग हात नेईल, आणि अंधारात बटण दाबल्याचा खट्ट आवाज येईल. लोक हसतील ते वेगळंच.

विजेचं मात्र गंमत म्हणून घेऊ नको. एक हजार वॉटचा हॅलोजन २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीन झाले की थांबायचं. देवळाच्या मीटरवरून सगळा मांडव ओढायचा मोह सगळ्यांना होतो. त्यापेक्षा महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या किंवा जनरेटर घ्या, आणि काही झालं तरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, लावून घ्या. माघात रात्री दहिवर पडतं, जमीन ओली, माणसं अनवाणी. वायरचं रीळ असेल तर ते पूर्ण सोडवून वापरा, गुंडाळलेलं तापतं. आणि गावात कोणीतरी म्हातारं सांगेलच की आमच्या वेळी सिमेंटच्या पाइपात मिठाचं पाणी घालून डिमर करायचो, वरून पत्रा खाली सोडला की उजेड वाढायचा, ओढला की मंद. करायचे ते खरं. माझे वस्तादही करत. पण त्या पाण्यात २३० व्होल्ट असायचे. त्यांची गोष्ट ऐक, चहा पाज आणि एलईडी पार, म्हणजे स्टेजचे एलईडी दिवे, भाड्याने आण.

आता वारा. तुमचं गाव खाडीकाठी म्हणजे हा विषय निघणारच. संध्याकाळी तुम्ही सेट लावता तेव्हा समुद्राकडून खारा वारा असतो. दिवस मावळला की तो पडतो. सगळे म्हणतात, झालं, आता काळजी नाही. रात्र चढली की मतलई सुटतो, जमिनीकडून, म्हणजे बरोबर उलट्या बाजूने. पहिल्या अंकाला घट्ट उभी असलेली भिंत तिसऱ्या अंकाला नटाच्या पाठीवर झुकायला लागते. ब्रेस, म्हणजे भिंतीचा तिरका टेकू, मागूनच लागणार, पुढून प्रेक्षकाला दिसतो. पण मागचा ब्रेस नुसता टेकवलेला असला तर ढकलणारा वारा सोसतो, ओढणारा सोसत नाही. म्हणून वरचं टोक फ्लॅटला स्क्रूने बांध आणि खालच्या टोकावर जांभ्याचा चिरा ठेव. अर्धा नको, अख्खा. चिरे गावात फुकट मिळतात, कुणाच्या तरी गडग्याशी पडलेले असतात. विचारून घे फक्त.

सीन बदलताना हॉस्पिटल अख्खं उभं करायच्या भानगडीत पडू नको. दिवाणखान्यापुढे पांढरा पडदा, एक खाट, सलाईनचा स्टँड, एक स्टूल. लोकांना तेवढं पुरतं. तिसऱ्या अंकाला दहा वर्षं दाखवायला सोफ्याचं कव्हर, भिंतीवरचं कॅलेंडर आणि पडदे बदला. सामान ठेवायच्या जागांच्या खुणा कशा करशील ते आधी ठरव, कारण स्टेजवर सतरंजी असणार आणि सतरंजीवर टेप टिकत नाही. मी पांढऱ्या जाड दोऱ्याने खाटेच्या चार पायांच्या जागी फुल्यांचे टाके घालून ठेवतो. काळोखात पायालासुद्धा लागतात.

हे बदलायला वेळ लागणार, आणि तो वेळ तुला गावच देईल. आपल्याकडे नाटक थांबवून बक्षिसं पुकारायची पद्धत आहे. अमक्यांकडून नायिकेच्या कामावर खूश होऊन १०१ रुपये. नट मेल्यासारखा पडलेला असतो आणि त्याच्या नावाने बक्षीस पुकारतात, तो डोळा उघडून बघतो. अध्यक्षांना आजच सांग की अंक चालू असताना माईकला हात लावायचा नाही, सगळी बक्षिसं दोन अंकांच्या मधे, पडद्यापुढे उभं राहून. म्हणजे मागे तुझी खाट सरकते आणि पुढे बक्षीस देणारा खूश.

काकांच्या प्रॉम्प्टिंगबद्दल एकच. पूर्ण वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन शब्द. आणि विसरलेला नट आणि मुद्दाम थांबलेला नट यांतला फरक तालमीत बघून ठेवायचा. थांबलेला समोरच्या पात्राकडे बघतो. विसरलेला स्वतःच्या हाताकडे बघतो. काकांना बसायला स्टूल दे आणि बॅटरीला निळा जिलेटीन कागद लाव.

राहिले भाऊजी. ते गावचे जावई ना? त्यांना विंगेच्या तोंडाशी उभं कर. पोरंटोरं, नटांचे मामा, शूटिंग करणारे, कुणालाही आत सोडायचं नाही. गावातला माणूस गावातल्याशी भांडतो, जावयाशी कुणी वाद घालत नाही.

---

रंगपेटी_रत्नागिरी:

वायरमनदादांनी लाडवांपासून चिऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं, ग्रीनरूम मात्र "टाळ्यांच्या तंद्रीत" एवढ्यावर सोडली. मी रंगभूषा करते, हौशी आणि स्पर्धेच्या नाटकांची. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेला बक्षीस असतं. गावच्या नाटकात आम्हाला "बायकांचं ते बायका बघतील" असतं.

राजापूरकर, तुमच्या नाटकातल्या बायका बाहेरून येणार असतील तर सगळ्यात आधी त्यांची खोली बघा. शाळेचा वर्ग किंवा देवळाची धर्मशाळा चालेल. आतून कडी, पूर्ण उंचीचा आरसा, आरशाच्या दोन्ही बाजूंना दिवा (डोक्यावरच्या एका ट्यूबखाली रंग लावला की डोळ्यांखाली काळं दिसतं आणि मग सगळे भडक लावतात), पाण्याची बादली. आणि जवळ शौचालय, ज्याच्या वाटेवर दिवा आहे. याची यादी मंडळं करत नाहीत. मला एका गावात ग्रीनरूम म्हणून गणपतीच्या मखराच्या मागची जागा दिली होती आणि कनातीला एक भोक होतं. त्या भोकाला मी माझा टॉवेल पिनने लावला आणि काम केलं, पण त्या गावाला पुन्हा गेले नाही.

तुमच्या तिसऱ्या अंकाचं सांगते. दहा वर्षं वाढवायला केसांवर टाल्कम पावडर टाकू नका, मान हलली की उडते आणि काळ्या कोटावर दिसते. पांढरा पॅनकेक (मेकअपचा रंग) पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने कानशिलांवरून फिरवा. सगळं डोकं पांढरं नको, दहाच वर्षं झाली आहेत. मिशी बदलायची असेल तर स्पिरिट गम आधी ओठावर लावून थोडा चिकट होऊ द्यावा, मग मिशी दाबावी. ओल्यावर लावली तर पहिल्या लांब वाक्याला सुटते. साडी दोन अंकांच्या मधे बदलायची असेल तर निऱ्या आधी घालून, शिवून, नाडी लावून ठेवा. आणि हे करायला एक बाई मोकळी ठेवा, जिला स्टेजवर काम नाही. तुमच्या चार जणांत एकही बाई नाही, ते मला पहिल्यांदा खटकलं.

भाड्याची ड्रेपरी आदल्या दिवशी उघडून उन्हात टाका. पावसाळाभर ट्रंकेत असते, कुबट वास येतो आणि बुरशीने नट शिंकतात.

---

राजापूरकर_डोंबिवली:

बापरे. ताई, वायरमनदादा, दोघांचेही आभार. प्रिंट काढून घेतलंय. माझी वहिनी यायला तयार आहे, आजच विचारलं.

अडचण अशी की आम्ही सगळे प्रयोगाच्या आदल्या रात्री गावाला पोचणार. ड्रेपरी प्रयोगाच्याच दिवशी दुपारी येणार. म्हणजे सेट लावून रंगीत तालीम होणारच नाही. अध्यक्षांचं म्हणणं, "आपल्या वेळी कुठं होती रंगीत तालीम." आणि नाटक रात्री साडेनऊला सुरू करायचं म्हणतायत.

---

विंगेतला_वायरमन:

साडेनऊला? माईक दहाला बंद करायला लागेल. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक नाही. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस जाहीर झालेले असतात. तुमचा दिवस त्यात नसला तर दुसऱ्या अंकात, खाटेवरचा माणूस शेवटचं बोलत असताना, पोलीस पाटील विंगेत येऊन उभे राहतील. तुमचे भाऊजी त्यांना अडवू शकणार नाहीत. सातला सुरू करा, लोक येतात. आरती उरकून, जेवणं नंतर. पोलिसांची परवानगी, संहितेचं परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र आणि लेखकाची परवानगी, ही कागदं कुणाकडे आहेत तेही विचारून ठेव. बहुतेक "असतील कुणाकडे तरी" असं उत्तर येईल. म्हणजे नाहीत.

रंगीत तालमीचं: गावात होत नसेल तर डोंबिवलीत कर. ठेकेदाराला फोन करून स्टेजची लांबी-रुंदी विचार, मेजर टेपने मोजून सांग म्हणावं, अंदाजाने नको. ती मापं शाळेच्या हॉलच्या फरशीवर खडूने काढ. तीन प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने म्हणजे खाट. झाडूचा दांडा म्हणजे सलाईन. हॉलचे दिवे घालव आणि बदल करून बघ, मोबाइलवर वेळ लाव. पहिल्यांदा दोघे एकमेकांवर आपटतील. कोण कुठल्या बाजूने आत जाणार, काय घेऊन जाणार आणि येताना काय घेऊन येणार, हे ठरलं की वेळ निम्म्यावर येतो. रिकाम्या हाताने कोणी बाहेर यायचं नाही, हा नियम. अंधारात बोलायचं नाही, हा दुसरा.

ताईंचं बरोबर आहे, टॉवेलचं वाचून मला गप्प बसावं लागलं. आमच्या मंडळात ग्रीनरूम माझ्या बायकोकडे असते आणि त्यावर मला बोलू देत नाहीत.

नाव पडद्यामागे घातलं म्हणून नाराज आहेस, त्याला मी काय सांगू. पत्रिकेत तुमची नावं मंडपवाल्याच्या खाली, "विशेष सहाय्य" म्हणून येतील. ती छापायच्या आधी हाताने वर सरकव, प्रूफ तुझ्याकडे मागून घे. कुणी स्वतःहून सरकवत नाही.

आणि शेवटचं, हे कुणी सांगत नाही. नाटक संपलं की सगळे महाप्रसादाला जातात आणि सेट तुमच्यावर पडतो. पाडताना खिळे जमिनीवर सांडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पटांगणात पोरं अनवाणी खेळतात आणि पालखी असली तर भोई अनवाणी असतात. जुन्या बिघडलेल्या स्पीकरचं मॅग्नेट काढून दोरीला बांध आणि सेट पाडल्यावर सगळ्या पटांगणातून ओढत फिरव, विंगेच्या जागी दोनदा. स्पीकर मिळाला नाही तर तुमच्या साउंडवाल्याकडे विचार, त्याच्याकडे जळालेले ढिगाने असतात.